थायरॉइडची टीएसएच तपासणी नॉर्मल, तरी थकवा जात नाही. मदत हवी आहे

दोन वर्षांपासून सकाळी उपाशीपोटी थायरॉइडची गोळी, थायरॉक्सिन ५० मायक्रोग्रॅम, घेते. परवाच्या रिपोर्टमध्ये टीएसएच २.८, फ्री टी४ (रक्तातलं थायरॉइड हार्मोन) पण ठीक. डॉक्टर म्हणाले, सगळं छान आहे. पण मला छान वाटत नाहीये हो! दुपारी डोळे मिटतात, हातपाय गार, कंगव्यात केसांचा पुंजका. काल लेकीचं नाव पटकन ओठांवर येईना, तेव्हा मात्र घाबरले.

लोहाची गोळी मी थायरॉक्सिनच्या पाठोपाठच घेत होते. चार तासांचं अंतर हवं हे आत्ता कळलं. केसांसाठी बायोटिनही (एक ब जीवनसत्त्व) चालू आहे, त्यानेही रिपोर्ट चुकू शकतो. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व तपासून कुणाला खरं कारण सापडलं का? आणि डॉक्टरांशी हे कसं बोललात, तेही सांगा ना.