सुट्टीआधी वायरिंग बघा

मॉडेल रेल्वेचा कंटाळा आला की ‘दोन-तीन महिने लेआउटला (रूळ मांडलेल्या बोर्डाला) हातच लावू नका, हुरूप आपोआप येतो’ असा सल्ला मिळतो. तो निव्वळ थकव्यापुरता ठीक. पण बऱ्याचदा मन उडतं ते गाडी दर फेरीला त्याच जागी अडखळते म्हणून. तो दोष सुट्टीत जात नाही, उलट रुळांवर धूळ बसून वाढतो. वीज फक्त रुळांचे तुकडे जोडणाऱ्या जोडपट्ट्यांतून पुढे जात असेल तर त्या सैल पडतात, बॅलास्टचा (रुळांमधल्या खडीचा) पातळ गोंद आत शिरतो आणि लांबच्या टोकाला इंजिन मंदावतं. बोर्डाखालून १.५ चौ.मिमी तांब्याच्या दोन मुख्य वायरी न्या आणि त्यांच्यापासून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला ०.५ चौ.मिमी वायरीची स्वतंत्र जोडणी द्या. सोल्डर रुळाच्या बाहेरच्या अंगाला. सोल्डरिंग आयर्न रेंगाळलं की प्लास्टिकचे स्लीपर वितळलेच. काम कंटाळवाणं आहे खरं, म्हणून एका बैठकीला एकच तुकडा.

गाडी रूळ बदलते त्या सांध्यावरच, म्हणजे पॉइंटवर, छोटं इंजिन थांबत असेल तर मधला फ्रॉग (रूळ एकमेकांना छेदतात तो भाग) प्लास्टिकचा आहे का बघा. तिथे वीज नसते. धातूचा फ्रॉग असलेला पॉइंट बसवून तो स्विचमधून जोडला की हळू चालीतही गाडी सरळ पार होते. डोंगर-झाडं नंतर.