जुन्या डीव्हीआरसाठी ब्राउझर प्लगइन चालू ठेवावा का?

जुना_डीव्हीआर: कॅमेऱ्यांच्या डीव्हीआरचं (चित्रण साठवणारं यंत्र) पान फक्त अ‍ॅक्टिव्हएक्स प्लगइनवर (इंटरनेट एक्सप्लोररचा जुना जोड-प्रोग्राम) चालतं. एजमध्ये आयई मोड (जुन्या इंटरनेट एक्सप्लोररसारखं पान चालवणं) लावलाय, पण आता पान 'अनसाइन्ड' (निर्मात्याची डिजिटल सही नसलेला) कंट्रोल चालू करायला सांगतंय. करावं का? आणि क्रोमच्या एक्स्टेन्शनलाही हाच धोका असतो का?

नेटवर्ककर: सरसकट अजिबात करू नका. पानातल्या जावास्क्रिप्टला सँडबॉक्सचं कुंपण असतं. अ‍ॅक्टिव्हएक्सचा कोड थेट तुमच्या विंडोज खात्याच्या अधिकारांनी चालतो. त्यात एखादा बफर ओव्हरफ्लो (नेमल्या मेमरीबाहेर लिहू देणारी चूक) निघाला आणि खातं अ‍ॅडमिनचं असलं, की अख्खं मशीन हल्लेखोराच्या हाती. क्रोमने 2015 मध्ये एनपीएपीआय या जुन्या पद्धतीचे प्लगइन बंद केले, अडोबीने 2020 अखेर फ्लॅशचा सपोर्ट थांबवला, त्यामागे ही दुखणी होतीच.

अगदीच अडलं तर इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, ट्रस्टेड साइट्स इथे फक्त डीव्हीआरचा आयपी टाका. पत्ता साध्या एचटीटीपीचा असेल तर आधी सर्व्हर व्हेरिफिकेशनची टिक काढा, नाहीतर तो घेतलाच जात नाही. कस्टम लेव्हल त्याच झोनची बदला, 'इंटरनेट' झोनला हात लावू नका. एजच्या सेटिंगमधून घातलेलं पान आयई मोडच्या यादीत 30 दिवसच राहतं, मग पुन्हा घालावं लागतं.

पोर्ट_554: त्यापेक्षा प्लगइनच टाळा. बऱ्याच डीव्हीआरमध्ये आरटीएसपी (व्हिडिओ थेट पाठवायची पद्धत) असतं, पोर्ट बहुधा 554. व्हीएलसी प्लेअरमध्ये कंट्रोल+एन दाबून स्ट्रीमचा पत्ता द्या. पत्त्याचा पुढचा भाग कंपनीनुसार बदलतो, मॅन्युअलमध्ये मिळेल. हे पोर्ट राउटरवर बाहेर उघडू नका. बाहेरून बघायचंच असेल तर व्हीपीएन लावा.

कोडवाचक: एक्स्टेन्शन सँडबॉक्समध्ये चालतं, पण 'सर्व साइट्सवरचा डेटा वाचणे व बदलणे' ही परवानगी दिलीत तर बँकेचं पानही त्याला दिसतं. खरी मेख अपडेटमध्ये आहे. नवी परवानगी मागितली तर क्रोम ते एक्स्टेन्शन थांबवून तुम्हाला विचारतो. सगळ्या साइट्सची परवानगी आधीच असेल, तर विचारण्यासारखं उरतंच काय? मालक बदलला तरी अपडेट गुपचूप येतं. 'द ग्रेट सस्पेंडर' हे न वापरलेले टॅब थांबवणारं एक्स्टेन्शन असंच हातबदल होऊन बिघडलं आणि 2021 मध्ये गूगलने ते काढून टाकलं. प्रत्येक एक्स्टेन्शनच्या डिटेल्समध्ये जाऊन साइट अ‍ॅक्सेस 'ऑन क्लिक' करा, आणि वापरात नसेल ते नुसतं बंद न करता काढूनच टाका.

जुना_डीव्हीआर: व्हीएलसीत चित्र आलं, पण मध्येच फाटतं.

पोर्ट_554: यूडीपीची (पोचल्याची खात्री न करणारी पद्धत) पाकिटं गळत असणार. प्रेफरन्सेस, इनपुट/कोडेक्समध्ये सगळ्यात खाली लाइव्ह555 ट्रान्सपोर्ट आहे, तिथे टीसीपी (हरवलेलं पुन्हा पाठवणारी पद्धत) निवडा आणि स्ट्रीम पुन्हा उघडा.