मदत हवी आहे : बर्गंडीत आई-बाबा आणि मुलीसोबत सायकलने, पण मोटारींच्या रस्त्याला न लागता

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत फ्रायबुर्गला राहते. सप्टेंबरमध्ये आई-बाबा येताहेत. त्यांना घेऊन शेजारच्या फ्रान्समध्ये, बर्गंडीच्या दक्षिण भागात, चार-पाच दिवस सायकलने फिरायचा बेत आहे. सोबत माझी नऊ वर्षांची मुलगी. बाबा सदुसष्ट वर्षांचे. शाळेत शिकवायला होते तेव्हा आयुष्यभर सायकलनेच गेले, अजूनही भाजी आणायला सायकलच काढतात. आईने मात्र कॉलेजनंतर सायकल हातात धरलेली नाही. इथे आल्यावर आधी आठवडाभर आमच्या गल्लीत सराव करणार, असं तिनेच फोनवर ठरवून टाकलंय.

बाबांची अट एकच : "मागून मोटार येणार नाही ना, तेवढं सांग. बाकी कुठेही ने."

म्हणून हा मार्ग निवडलाय. शालों-सुर-सोन या गावाजवळच्या जिव्रीपासून क्लुनीपर्यंत ४४ किलोमीटरची जुनी रेल्वेलाइन होती. गाड्या बंद झाल्या, रूळ उखडले आणि त्या पट्ट्यावर गुळगुळीत डांबर टाकून १९९७ साली तो चालणाऱ्यांना, सायकलवाल्यांना आणि स्केटिंग करणाऱ्यांना खुला केला. फ्रान्समधला या प्रकारचा, म्हणजे 'व्हॉय व्हेर्त' म्हणतात तसा, हा पहिला मार्ग. पुढे तो क्लुनीहून माकों शहराच्या दिशेने वाढवला. रेल्वेचा पट्टा असल्यामुळे चढ अगदी सौम्य, कारण आगगाडीला उभा चढ झेपतच नसे. आईसाठी मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

बाबांसाठी मात्र कारण वेगळं आहे. ते दारव्ह्याचे. मूर्तिजापूर-यवतमाळ धावणाऱ्या 'शकुंतला' या छोट्या आगगाडीच्या शिट्टीवर त्यांच्या घरची सकाळ सुरू व्हायची. बंद पडलेल्या छोट्या लाइनचं लोकांनी पुढे काय केलं, तिची स्टेशनं कशी जपली, हे त्यांना डोळ्यांनी बघायचंय. मी जुन्या स्टेशनांचे फोटो पाठवल्यापासून ते रोज नवीन प्रश्न विचारताहेत.

वाटेत बघण्यासारखं इतकं आहे की चार दिवसही कमी पडतील असं वाटतं. ब्युसीच्या आसपास द्राक्षमळे आहेत. सँ-जांगू हे मध्ययुगीन गाव. त्याच्या नावात पूर्वी 'राजाचे' असं होतं, पुढे ते 'राष्ट्राचे' झालं आणि आजही तेच आहे. कोर्मातांला सतराव्या शतकाच्या सुरुवातीचा किल्लेवजा वाडा आहे. आत सोनेरी नक्षीच्या खोल्या, बाहेर झुडपांचा भुलभुलैया. मुलीला त्या भुलभुलैयाचं इतकं वेड लागलंय की तिथे अर्धा दिवस जाणार हे मी धरूनच चाललेय. तिथून थोडं पुढे डोंगरावर तेझे. १९४० साली ब्रदर रॉजे हे प्रॉटेस्टंट साधक तिथे आले आणि पुढे प्रॉटेस्टंट-कॅथलिक दोघांचा मिळून एक मठ उभा राहिला. आता जगभरातून तरुण मुलं येऊन तिथे राहतात, गातात, भांडी घासतात.

आणि क्लुनी. ९१० साली इथे बेनेडिक्टाइन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचा मठ स्थापन झाला आणि पुढची दोन-अडीचशे वर्षं युरोपातले शेकडो मठ त्याच्या अधिपत्याखाली होते. १०८८ मध्ये सुरू केलेलं इथलं तिसरं चर्च जवळजवळ १८७ मीटर लांब होतं. रोममध्ये सेंट पीटरचं आजचं चर्च होईपर्यंत ख्रिस्ती जगात याहून मोठं चर्च नव्हतं. राज्यक्रांतीनंतर इमारत विकली गेली आणि चिरे काढून नेण्यासाठी वर्षानुवर्षं पाडली गेली. आज चर्चच्या आडव्या भागाचा एक बाहू आणि काही मनोरे तेवढे उभे आहेत. नकाशावर जुन्या चर्चची रेघ बघितली की गावातले रस्ते आणि घरं तिच्या पोटात आलेली दिसतात. बाबा इतिहासाचे शिक्षक, त्यांना इथून हलवणं कठीण जाईल.

आता प्रश्न.

१. शालोंच्या स्टेशनपासून जिव्रीपर्यंतचा तुकडा कसा आहे? नकाशावर हिरवी रेघ दिसते, पण शहरातून बाहेर पडताना मोटारींसोबत किती जावं लागतं? माझा अनुभव असा की 'मोटारमुक्त' म्हणून जाहिरात केलेल्या मार्गावर बहुतेक सगळं छान असतं आणि नेमके दोन-तीन किलोमीटर तसे नसतात. नऊ वर्षांच्या मुलीला आणि नव्याने शिकणाऱ्या आईला घेऊन जायचं की नाही हे त्या दोन-तीन किलोमीटरवरच ठरतं.

२. क्लुनीच्या पुढे ब्वा-क्लेरचा १.६ किलोमीटरचा बोगदा आहे. आईला बंद जागेत धास्ती वाटते. आत कसं वाटतं? वळसा घालून जाता येतं का?

३. बोन ते सांतने हा द्राक्षमळ्यांतला मार्गही सगळे सुचवतात. तो पहिल्या दिवशी जोडावा का?

४. आई शाकाहारी आहे आणि अंडंही खात नाही. खेड्यांत जेवणाची काय सोय?

मनापासून सल्ला हवाय. आई-बाबा इतक्या लांब पुन्हा कधी येतील सांगता येत नाही.

प्रतिसाद : दिजोंकर

ताई, बेत फार चांगला आहे. मी दिजोंला राहतो, या वाटेवर नेहमी असतो.

शालों स्टेशनपासून शहराबाहेर पडेपर्यंत चौक ओलांडावे लागतात, रहदारीही असते. तुम्हाला आणि बाबांना काही वाटणार नाही, पण आई आणि मुलीसाठी सुरुवात जिव्रीपासूनच करा. सायकली भाड्याने देणारा दुकानदार जिव्रीत आणून देतो का विचारा. जिव्रीत गोल आकाराचं जुनं धान्यबाजाराचं घर आहे, तेही बघून घ्या.

जिव्री ते क्लुनी तुमच्या बाबांची अट पाळली जाते. फ्रान्सच्या वाहतूक नियमांत २००४ पासून अशा मार्गाची वेगळी व्याख्या आहे. त्यावर मोटारगाड्यांना बंदी. मात्र वाट गावाच्या रस्त्याला छेद देते तिथे खांब किंवा आडवी दांडी असते आणि थांबून दोन्हीकडे बघावं लागतं. सरळ वाटेवर मुलं रंगात येऊन निघून जातात, म्हणून मुलीला नियम घालून द्या : छेद आला की उतरायचं. शेताजवळ एखादा ट्रॅक्टरही आडवा येऊ शकतो.

दुसरं म्हणजे, पाट्यांवर सायकलचं चित्र आहे म्हणून वाट मोटारमुक्त आहे असं समजू नका. लांब पल्ल्याचे सायकलमार्ग कमी वर्दळीच्या डांबरी रस्त्यांवरूनही जातात आणि पाट्या सारख्याच वाटतात.

बोन-सांतनेचा मार्ग तुमच्यासाठी नाही. पोमार, मर्सो अशा गावांमधून तो मळ्यांतल्या शेतरस्त्यांनी जातो. दृश्य अप्रतिम, तिथले मळे २०१५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. पण मळेवाल्यांच्या गाड्या त्याच रस्त्याने जातात आणि सप्टेंबर म्हणजे द्राक्षतोडणी, तेव्हा वर्दळ जास्तच. चढ-उतारही बरेच. त्यापेक्षा बोनला ट्रेनने जाऊन १४४३ सालचं जुनं रुग्णालय पायी बघा. रंगीत कौलांचं ते छप्पर आईंना नक्की आवडेल.

मोकळी सपाट वाट अजून हवी असेल तर शालोंहून शान्यीच्या दिशेने अठराव्या शतकाच्या शेवटी खोदलेल्या कालव्याकाठी जा. लॉकमधून, म्हणजे दारं लावून पाणी चढवता-उतरवता येणाऱ्या कप्प्यांतून, बोटी वरखाली करताना बघत मुलगी तासभर बसेल.

प्रतिसाद : रानवाट

बोगद्याबद्दल. आत दिवे आहेत, वाट रुंद आणि सपाट आहे. उन्हातून आत शिरलं की एकदम गार वाटतं, तेव्हा आईंना स्वेटर आधी घालायला सांगा. आत थांबून घालायला नको. बोगद्यात वटवाघळं हिवाळ्याची झोप घेतात म्हणून थंडीत तो बंद ठेवतात. सप्टेंबरमध्ये तुम्हाला अडचण नाही. वरून खिंडीतून जाता येतं, पण तिथे चढ आहे आणि वाटेत मोटाररस्ता लागतो, म्हणजे बाबांची अट मोडते.

माझा सल्ला असा की आईंवर बोगदा लादू नका. क्लुनीला स्टेशन राहिलेलं नाही, पण शालों-क्लुनी-माकों बस आहे. आई आणि मुलगी बसने माकोंला, तुम्ही आणि बाबा सायकलने. बोगद्यानंतर वाट माकोंच्या दिशेने उतरत जाते. बेर्झे-ला-व्हील इथल्या साधूंच्या छोट्या प्रार्थनागृहात बाराव्या शतकातली भित्तिचित्रं आहेत, तिथे बाबांना घेऊन जाच. क्लुनीचं जे पाडलं गेलं त्याच्या आत रंग कसे असतील, याचा अंदाज तिथेच येतो.

आणि मुलीसाठी हेल्मेट विसरू नका. फ्रान्समध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना २०१७ पासून सक्तीचं आहे.

प्रतिसाद : पॅडल पुणे

जेवणाचं सांगते, आम्ही सासू-सासऱ्यांसोबत हा भाग केला होता. खेड्यातल्या हॉटेलांचं स्वयंपाकघर साधारण बारा ते दोन चालू, मग थेट संध्याकाळी सात. दोन वाजून गेले की हातात काही पडत नाही. रविवार-सोमवार बऱ्याच बेकऱ्याही बंद. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या बांधून घ्या, मुक्कामाला स्वयंपाकघर असलेलं घर बघा. क्लुनीत शनिवारी सकाळी बाजार भरतो. टोमॅटो, पीच, बकरीच्या दुधाचं चीज, सगळं ताजं. आईंना सांगा की चीज बनवताना बहुतेक वेळा वासराच्या पोटातलं विरजण वापरतात. त्यांना चालतं का ते आधी विचारा, नंतर कळलं तर वाईट वाटेल.

तारखा हातात असतील तर सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार धरा. फ्रान्सभर वारसादिन असतात, एरवी बंद असलेल्या वास्तूही उघडतात. मुक्काम मात्र लवकर ठरवा.

धागाकर्ती :

तुम्हा तिघांचे खूप आभार. आईला बोगद्याचा आणि चीजचा, दोन्ही निरोप दिले. चीज नको म्हणाली. बोगद्याचं तिथे गेल्यावर ठरवू म्हणाली, बस आहे हे कळल्यावर तिचा आवाज मोकळा झाला.

बेत असा बदललाय : जिव्रीपासून सुरुवात, पहिला मुक्काम सँ-जांगू, दुसरा कोर्मातां, मग क्लुनीत दोन रात्री आणि त्यातला एक शनिवार. रोज पंचवीस किलोमीटरच्या आतच. बोन ट्रेनने.

आता एकच अडलंय. आईला साडी नाही तरी सलवार-कमीजमध्येच सायकल चालवायची आहे, त्यामुळे मधला दांडा खाली असलेली आणि साखळीवर पूर्ण झाकण असलेली सायकल हवी. विजेची असली तर उत्तम. जिव्रीत घेऊन माकोंला परत करता येईल अशी सायकल कुणी भाड्याने घेतली आहे का? चौकशी करताना दुकानदाराला नेमकं काय विचारायचं तेही सांगा, माझं फ्रेंच कामापुरतंच आहे.