एफ३एफ स्लोप रेसिंग: वेळ खाली येत नाहीये, बॅलास्ट वाढवू की मॉडेल बदलू?

कड्यावरचा_वारा (मँचेस्टर)
नमस्कार मंडळी, इथे स्लोप ग्लायडर उडवणारं कुणी आहे का बघतोय. मी नॉर्थ वेल्सला जातो, ग्रेट ऑर्म आणि आसपासचे डोंगर, आणि यंदापासून एफ३एफच्या रेसमध्ये उतरलोय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: मोटर नाही, काही नाही, वारा डोंगराला धडकून वर चढतो त्याच्यावर रिमोटचं ग्लायडर उडवायचं, कड्याला समांतर 100 मीटरचा कोर्स, दहा लेग (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकदा जाणं म्हणजे एक लेग) म्हणजे एकूण 1 किलोमीटर, कमीत कमी वेळात संपवायचा. दोन्ही टोकांना जज असतात, मॉडेल लाइन ओलांडून गेलं की बझर वाजतो. माझं मॉडेल सेकंडहँड आहे पण चांगलं आहे, मोल्डेड कार्बन, तीन मीटरच्या आतबाहेर विंगस्पॅन. तरी त्याच वाऱ्यात बाकीचे 42-43 सेकंदात येतात आणि मी 55 च्या खाली जातच नाही. म्हणजे पॉइंट धरले तर सगळ्यात वेगवान असतो त्याला 1000 मिळतात, आणि माझे 780 पण होत नाहीत. सरळ लेगमध्ये मॉडेल मला काही हळू वाटत नाही हो. बॅलास्ट (वेग वाढवायला मॉडेलमध्ये भरायचं जादा वजन) कमी पडतोय का? की नवीन मॉडेल घ्यावं?

बाल्टिकवाला (हॅम्बुर्ग)
मॉडेलला हात लावू नका, पैसे ठेवा खिशात. तुमचा वेळ टर्नमध्ये, म्हणजे टोकाला वळताना जातोय, लिहून घ्या. हिशोब करून बघा, 1 किलोमीटर 43 सेकंदात म्हणजे साधारण 23 मीटर सेकंदाला. बझर ऐकून मग स्टिक ओढली तर अर्धा सेकंद तरी जातो, म्हणजे मॉडेल लाइनच्या 11-12 मीटर पुढे, आणि तेवढंच परत यायचं. असे टर्न नऊ! म्हणजे 1 किलोमीटरच्या जागी तुम्ही 1200 मीटर उडताय आणि वर म्हणताय मॉडेल हळू नाही वाटत, बरोबरच आहे, ते हळू नाहीच आहे.

चांगले पायलट बझरची वाट बघत नाहीत. लाइन कुठे आहे ते डोळ्यात बसलेलं असतं, तिथं पोचायच्या आधीच मॉडेल आडवं करून ठेवतात, आणि बझर व्हायला नि एलिव्हेटर (शेपटीची हलणारी पट्टी, तिच्याने मॉडेल वळतं) ओढायला एकच गाठ पडते. जर्मनीतल्या र्‍यूगन बेटावर केप आर्कोनाला, जिथं 2012 ला पहिली एफ३एफ वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली (2018 ला पण तिथंच), कड्यावर उभं राहून नुसतं बेसकडे (टोकाच्या लाइनकडे) बघत राहावं, मॉडेल लाइनला स्पर्श करून परत फिरतं असं वाटतं. मी तरी सरळ लेग बघणं सोडूनच दिलंय, रेस टर्नलाच होते.

प्रॅक्टिसला एक माणूस बेसवर उभा करा, त्याला फक्त ओरडायला सांगा "लवकर" की "उशीर". लवकर वळलात तर लेग धरला जात नाही, परत जाऊन लाइन ओलांडावी लागते, ते तर अजून महाग. त्यामुळे सुरुवातीला एखादा मीटर पुढे गेलं तरी चालेल, हळूहळू कमी करा.

घाटमाथा (लीड्स)
वर लिहिलंय ते शंभर टक्के, फक्त दोन गोष्टी राहिल्यात. एक, सुरुवात. हातातून सोडल्यावर 30 सेकंद मिळतात, त्यात जितकी उंची मिळेल तितकी घ्यायची, मग बेस ए च्या (सुरुवातीच्या लाइनच्या) बाहेरून डाइव्ह मारत कोर्समध्ये घुसायचं. 30 संपले की घड्याळ आपोआप चालू होतं, मॉडेल कुठेही असो. नवीन लोक वीस सेकंदातच घाबरून आत येतात आणि पहिले दोन-तीन लेग रांगत जातात.

दुसरं, बॅलास्ट. वजन 20 टक्के वाढलं तर वेग साधारण 9-10 टक्के वाढतो, पण ते वजन उचलायला लिफ्ट, म्हणजे वर चढणारा वारा पाहिजे ना. वारा सेकंदाला 5-6 मीटरचा असेल तर मी रिकामंच उडवतो, 12 च्या वर गेला की भरतो. नियमात 5 किलो आणि पंखाच्या क्षेत्रफळाला 75 ग्रॅम प्रति चौरस डेसिमीटर ही मर्यादा आहे ते ध्यानात असू द्या, आणि भरल्यावर सीजी (मॉडेलचा तोल जिथे राहतो तो बिंदू) परत तपासायचा, बॅलास्टची कांडी जराशी मागे सरकली तरी टर्नमध्ये मॉडेल झटका देतं. स्नॅपफ्लॅप किती ठेवलाय? म्हणजे एलिव्हेटर ओढल्यावर फ्लॅप (पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) आपोआप खाली येतात ते; थोडेसेच यायला हवेत, जास्त आले की टर्नमध्ये ब्रेक लागल्यासारखं होतं. तुमचे 55 सेकंद बघून मला आधी तीच शंका आली.

सह्याद्री_फ्लायर (पुणे)
मस्त धागा! मी फोमचं उडवतो. असं काही कामशेतला करता येईल का? वारा तर भन्नाट असतो.

घाटमाथा (लीड्स)
@सह्याद्री_फ्लायर कामशेतला पॅराग्लायडिंग चालतं रे, त्याच उतारावर माणसं हवेत असतात. दोन-तीन किलोचं कार्बन ताशी शंभरने जातं, माणसाच्या जवळपास पण नको. रेसमध्येसुद्धा सेफ्टी लाइन असते, मॉडेल तिच्या अलीकडे लोकांच्या बाजूला आलं की पेनल्टी. ज्या डोंगरावर पॅराग्लायडर येतच नाहीत असा शोध, जागेची परवानगी काढ, आणि फोमच ठेव. आणि कड्याच्या मागे लँडिंग करताना जपून, तिथं वारा गोल फिरतो, रोटर म्हणतात त्याला, मॉडेल खाली आपटतं.

कड्यावरचा_वारा (मँचेस्टर)
सगळ्यांचे मनापासून आभार! स्नॅपफ्लॅप आत्ता रेडिओत बघितला, आधीच्या मालकाने बराच ठेवलाय, 10 मिमीच्या वर आहे. तो कमी करतो आणि शनिवारी मित्राला बेसवर उभा करतो. @बाल्टिकवाला, जोराच्या वाऱ्यात काहीजण टर्नला मॉडेल वर खेचतात आणि वरून डाइव्ह मारत परत येतात, ते कधी करायचं?

बाल्टिकवाला (हॅम्बुर्ग)
लिफ्ट दणदणीत असेल तेव्हाच. वर खेचून वेग उंचीत साठवायचा आणि खाली येताना परत घ्यायचा, पण लिफ्ट कमी असेल तर वरच लटकून बसाल. तुम्ही आधी सपाट टर्न पक्का करा, सगळे नऊ एकसारखे यायला लागले की मग तिकडे वळा. शनिवारचे टाइम इथे टाका, वाऱ्याचा वेग पण लिहा, नाहीतर तुलना करता येत नाही.