बीएमडब्ल्यूचा लौकिक मुळात किती जुना आहे?

प्रश्न : वळणवाट

बीएमडब्ल्यूच्या इतिहासावर जे काही वाचनात येते, त्यात बहुधा एकच सरळ रेषा आखलेली असते. १९१६ साली म्युनिकमध्ये विमानांची इंजिने, पुढे मोटारसायकली, पुढे मोटारी, आणि या सर्वांमधून अखंड चालत आलेली, गाडी हाकणाऱ्याच्या आनंदाला पहिले स्थान देणारी परंपरा. कंपनीने २०१६ साली शताब्दीही याच थाटात साजरी केली. परंतु तपशिलात शिरू लागले की ही रेषा जागोजागी तुटलेली दिसते. १९५०च्या दशकात ही कंपनी एकीकडे आठ सिलिंडरांची आलिशान सेडान विकत होती आणि दुसरीकडे समोरच्या बाजूने दार उघडणारी, अंड्याच्या आकाराची इसेटा. अशा कंपनीबद्दल त्या काळातील जर्मन ग्राहकाचे मत काय असेल, याची मला नीट कल्पना करता येत नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. आज आपण ज्याला बीएमडब्ल्यूचा लौकिक म्हणतो तो नेमका केव्हा आणि कोणत्या गाडीपासून सुरू झाला? आणि चालवण्याच्या बाबतीत ज्या गाड्यांची इतकी वाखाणणी होते, त्याच गाड्या वॉरंटी संपल्यावर विकत घेण्यास जाणकार मंडळी का कचरतात? या दोन्ही गोष्टींचे मूळ एकच आहे का?

जुना आराखडा

पहिला तुटलेला दुवा जन्मतारखेतच आहे, म्हणून तिथून सुरुवात करतो. 'बायरिशे मोटोरेन वेर्के' हे नाव १९१६चे नाही. कार्ल राप यांच्या इंजिन कारखान्याचे १९१७ साली नामांतर झाले, तेव्हा ते अस्तित्वात आले. हा कारखाना पहिल्या महायुद्धानंतर रेल्वेचे ब्रेक बनवू लागला आणि बर्लिनच्या क्नोर-ब्रेम्झे या कंपनीच्या ताब्यात गेला. १९२२ साली कामिलो कास्तिल्योनी या गुंतवणूकदाराने त्यातील इंजिनांचा व्यवसाय, नावासकट, विकत घेतला आणि तो बायरिशे फ्लुगत्सोइगवेर्के या वेगळ्याच कंपनीत नेऊन ठेवला. ही दुसरी कंपनी ७ मार्च १९१६ रोजी स्थापन झालेली होती. म्हणजे नाव एका घराण्याचे आणि जन्मतारीख दुसऱ्या घराण्याची, अशी ही वंशावळ आहे. निळ्या-पांढऱ्या बोधचिन्हाची फिरत्या पंख्याशी सांगितली जाणारी नाळही अशीच नंतर जोडलेली आहे. ते रंग बव्हेरियाच्या ध्वजाचे आहेत आणि पंख्याची कल्पना १९२९च्या एका जाहिरातीतून रूढ झाली.

मात्र इंजिनांचा लौकिक खरा होता आणि तो जाहिरातीने आलेला नव्हता. माक्स फ्रित्स यांनी आखलेले सहा सिलिंडरांचे विमान-इंजिन विरळ हवेतही ताकद टिकवून धरत असे. त्याच घराण्यातील पुढच्या इंजिनावर १९१९ साली एका विमानाने ९,७६० मीटरची उंची गाठली. व्हर्सायच्या तहाने विमान-इंजिनांवर बंदी आली, तेव्हा याच फ्रित्स यांनी १९२३ची आर ३२ ही मोटारसायकल आखली. तिचे दोन आडवे सिलिंडर आणि मागच्या चाकाला साखळीऐवजी शाफ्टने ताकद देण्याची रचना कंपनीच्या अनेक मोटारसायकलींत आजही टिकून आहे. अखंड परंपरा शोधायचीच असेल, तर ती चार चाकांपेक्षा दोन चाकांवर अधिक सापडते.

मोटारी आल्या त्या १९२८ साली, आणि त्याही विकत घेऊन. थुरिंगियातील आयझेनाख येथील कारखाना घेतला, तेव्हा तिथे डिक्सी नावाने इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनची परवान्यावर बनवलेली आवृत्ती तयार होत होती. स्वतःची म्हणावी अशी मोटार १९३३च्या ३०३पासून सुरू होते. सहा सिलिंडर आणि पुढची ती जोड-जाळी प्रथम तिच्यातच दिसली. १९३६ची ३२८ ही दोन लिटरची क्रीडा-मोटार निर्विवाद श्रेष्ठ होती, १९४०च्या मिल्ले मिल्या शर्यतीत तिने विजयही मिळवला, परंतु तिच्या एकूण ४६४ गाड्या बनल्या. इतक्या थोड्या गाड्यांतून शर्यतींच्या वर्तुळात नाव होते; सर्वसाधारण ग्राहकापर्यंत ते क्वचितच पोहोचते. युद्धानंतर आयझेनाख सोव्हिएत अमलाखाली गेले आणि ३२८चे इंजिन, आराखड्यांसह, ब्रिटनच्या ब्रिस्टल कंपनीच्या मोटारींत पुन्हा जन्माला आले. म्युनिकच्या हाती मोटारींचा वारसा म्हणावा असे फारसे काही उरले नव्हते.

ताळेबंद

माझ्या मते तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर ९ डिसेंबर १९५९ या दिवशी दडलेले आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

युद्धानंतर बीएमडब्ल्यूने मोटारींत पुनरागमन केले ते ५०१ या मोठ्या सेडानने. तिची किंमत १५,००० मार्कांच्या वर होती, आणि सर्वसामान्य जर्मन नोकरदाराच्या दृष्टीने ती केवळ लांबून पाहण्याची वस्तू होती. पाठोपाठ ॲल्युमिनियमचे आठ सिलिंडरांचे इंजिन असलेली ५०२ आली आणि मग ५०७ ही अल्ब्रेख्त गोएर्त्स यांनी रेखाटलेली देखणी रोडस्टर. अमेरिकेत ती हजारोंनी खपेल, या माक्स हॉफमन या आयातदाराच्या भरवशावर ती घडवली गेली. प्रत्यक्षात बनल्या सुमारे अडीचशे आणि त्याही तोट्यात. दुसऱ्या टोकाला मोटारसायकलींचा बाजार ओसरत चालला होता, म्हणून इटलीच्या इसो कंपनीकडून इसेटाचा परवाना घेतला. इसेटा १ लाख ६० हजारांहून अधिक खपली, पण एका गाडीमागे सुटणारा नफा इतका किरकोळ होता की वरच्या टोकाचा तोटा भरून निघेना. आणि मधला वर्ग, जो जर्मनीच्या आर्थिक भरभराटीत सर्वाधिक वेगाने वाढत होता, त्याला विकण्यासाठी या कंपनीकडे काहीच नव्हते. तुम्हाला त्या काळातील ग्राहकाचे मत कळत नाही, त्याचे कारण हेच आहे: त्या ग्राहकाला विकत घेता येईल अशी बीएमडब्ल्यूच नव्हती.

१९५९च्या त्या भागधारकांच्या सभेत डॉइचे बँकेच्या पुढाकाराने मांडलेला प्रस्ताव असा होता की कंपनीचे भांडवल कमी करावे, नवे भाग काढावेत आणि कंपनी डाइमलर-बेंझच्या पंखाखाली जावी. छोट्या भागधारकांना आणि विक्रेत्यांना तो मान्य नव्हता, पण मतांचे बळ बँकेकडे होते. अशा वेळी फ्रीडरिख माथेर्न या वकिलाने सगळा डाव ताळेबंदातील एका नोंदीवर पलटवला. नव्या ७०० या मोटारीच्या विकासाचा खर्च अनेक वर्षांवर न विभागता एकाच वर्षाच्या खात्यात टाकलेला होता, त्यामुळे तोटा फुगून दिसत होता. ताळेबंदावर असा आक्षेप असेल, तर केवळ १० टक्के भागधारकांच्या मागणीवरून सभा तहकूब करता येत असे. ती तहकूब झाली आणि प्रस्ताव बारगळला. त्यानंतर हर्बर्ट क्वांट यांनी, ज्यांनी प्रारंभी विलीनीकरणाला विरोध केलेला नव्हता, आपला हिस्सा वाढवून कंपनी तगवण्याचा निर्णय घेतला. मोटारींच्या इतिहासात हिशेबाच्या एका नोंदीने इतके मोठे काम केल्याचे दुसरे उदाहरण मला आठवत नाही.

७००ने श्वास घेण्यापुरता वेळ मिळवून दिला. मोटारसायकलीच्या इंजिनावर चालणारी ही छोटी गाडी चांगली खपली. पण खरे उत्तर १९६१च्या फ्रांकफुर्ट प्रदर्शनातील १५०० हे होते. चार दारे, आवरता येईल असा आकार, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि आलेक्स फोन फाल्केनहाउझेन यांचे नवे चार सिलिंडरांचे इंजिन. फोक्सवागनपेक्षा वर आणि मर्सिडीजच्या शेजारी, पण मर्सिडीजहून चपळ, अशी ही जागा रिकामी होती आणि ती अचूक हेरली गेली. त्या इंजिनाची कुवत किती होती, हे पाहायचे तर १९८३ साली नेल्सन पिके यांनी ज्या टर्बो इंजिनावर फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले, त्याचा सिलिंडर ब्लॉक याच घराण्यातला होता, एवढे सांगणे पुरेसे आहे. म्हणून माझे उत्तर १९६१. त्याआधीची बीएमडब्ल्यू आणि नंतरची बीएमडब्ल्यू यांत नाव, कारखाना आणि काही अभियंते सोडले तर फारसे साम्य नाही.

कोरे पान

वरच्या दोन्ही प्रतिसादांत १९४० नंतर थेट १९५० येते. शताब्दीच्या गौरवग्रंथांतही बहुधा असेच घडते. मधल्या वर्षांत बीएमडब्ल्यू ही मोटार कंपनी नव्हतीच म्हटले तरी चालेल. तिचा मुख्य धंदा जर्मन वायुदलासाठी विमान-इंजिने बनवण्याचा होता, आणि म्युनिकजवळील आलाख येथील कारखान्यात दाखाउ छळछावणीच्या उपछावणीतील कैद्यांकडून, तसेच परदेशांतून आणलेल्या हजारो वेठबिगारांकडून काम करवून घेतले जात होते. १९५९ साली कंपनी वाचवणाऱ्या क्वांट कुटुंबाचे भांडवलही या इतिहासापासून अलिप्त नाही. हर्बर्ट यांचे वडील ग्युंटर क्वांट यांच्या बॅटरी कारखान्यांत छळछावणीतील कैदी राबवले गेले होते. कुटुंबानेच पुढे नेमलेल्या इतिहासकाराचा, योआखिम शोल्टिझेक यांचा, २०११ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास यावर आडपडदा न ठेवता बोलतो. मार्च २०१६ मध्ये शताब्दीच्या दिवशी कंपनीने या पर्वाबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केला. लौकिकाचा हिशेब मांडताना ही वर्षे वगळली, तर तो हिशेब अर्धाच राहील.

बारा नंबरचा पाना

दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो, कारण माझा संबंध या गाड्यांच्या बॉनेटखालच्या भागाशी येतो. गाडी चालवताना सुखावणारी असणे आणि ती दीर्घकाळ बिनतक्रार टिकणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत, आणि बीएमडब्ल्यूने पहिलीत पैकीच्या पैकी गुण मिळवण्याच्या हट्टापायी दुसरीत वारंवार मार खाल्लेला आहे. हा हट्ट नवा नाही. घाईने बाजारात उतरवलेल्या पहिल्या १५००मध्येही मागच्या ॲक्सलचे आणि गिअरबॉक्सचे दोष निघाले होते.

वजन पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ समान वाटायचे, इंजिन ओळीतल्या सहा सिलिंडरांचे ठेवायचे आणि तरीही गाडी हलकी राखायची, म्हणजे कुठेतरी धातू कमी करावा लागतो. १९९०च्या दशकातील थ्री सिरीजच्या शीतकरण व्यवस्थेत प्लॅस्टिकचा वापर वाढला. वॉटर पंपाचा पंखा, रेडिएटरची टोके आणि कूलंटची टाकी उष्णतेने ठिसूळ होत जातात, आणि ओळीतले लांब इंजिन एकदा तापले की त्याचे सिलिंडर हेड वाकायला वेळ लागत नाही. त्याच मालिकेच्या ई ४६ या पिढीत मागचा सबफ्रेम, म्हणजे मागच्या चाकांची जोडणी पेलणारा सांगाडा, ज्या पत्र्याला जोडलेला असतो, तो पत्रा तडकण्याची तक्रार सर्वश्रुत आहे. एन ४७ या डिझेल इंजिनात टायमिंग चेन गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली होती; ती झिजली की मूळ भाग स्वस्त असला तरी तिथवर पोहोचण्याची मजुरी डोईजड होते. एन ६३ या आठ सिलिंडरांच्या इंजिनात दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या मधल्या खाचेत ठेवले. त्यामुळे इंजिनाला तत्पर प्रतिसाद देता आला, पण ती सगळी उष्णता वॉल्व्हच्या सिलांनी आणि तारांनी सोसली.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, जी अभियांत्रिकीची नाही. ऑइल बदलण्यातले अंतर वाढवत नेले की पहिल्या मालकाचा खर्च कमी दिसतो, आणि हा पहिला मालक बहुधा तीन-चार वर्षांच्या भाडेकरारावर गाडी वापरून परत करणारा असतो. त्या पुढच्या आयुष्याची किंमत दुसरा आणि तिसरा मालक मोजतो. जाणकार कचरतात ते याच टप्प्यावर. तरीही सरसकट बोल लावणे मला पटत नाही. २०१५ पासूनचे बी ५८ हे सहा सिलिंडरांचे इंजिन याच कंपनीचे आहे, आणि टिकाऊपणाबद्दल स्वतः ख्यातनाम असलेल्या टोयोटाने ते आपल्या सुप्रासाठी स्वीकारले. जुनी गाडी पाहताना बोधचिन्हापेक्षा इंजिनाचा क्रमांक आधी विचारावा.

वळणवाट

सर्वांचे आभार. 'ताळेबंद' यांना एक उपप्रश्न विचारावासा वाटतो. १९६१ हे वर्ष मान्य केले, तरी १५०० ही शेवटी एक सुज्ञ, कौटुंबिक सेडान होती. तिच्यापासून आजच्या प्रतिमेपर्यंतचा प्रवास मला अजून जोडता येत नाही. आणि ही प्रतिमा एवढी स्पष्ट होती, तर १९९४ साली कंपनीने रोव्हर ही ब्रिटिश मोटार कंपनी का विकत घेतली?

दुहेरी कार्ब्युरेटर

'ताळेबंद' यांच्या आधी मी उत्तर देतो, कारण १९६१ हे वर्ष मला थोडे अलीकडचे, म्हणजे १९६८, करावेसे वाटते. १५०० ने कंपनी वाचवली. प्रतिमा घडवली ती २००२ या नावाच्या गाडीने. कथा गमतीची आहे. दोन दारांच्या लहान गाडीची दुहेरी कार्ब्युरेटरची (इंधन आणि हवा मिसळणाऱ्या दोन यंत्रणांची) जलद आवृत्ती अमेरिकेच्या प्रदूषण नियमांत बसत नव्हती, आणि हॉफमन यांना तर तिथे जोमदार गाडी हवी होती. फाल्केनहाउझेन आणि नियोजन विभागाचे हेल्मुट व्हेर्नर ब्योन्श या दोघांनी, एकमेकांना न कळवता, स्वतःच्या वापरातील अशा गाडीत दोन लिटरचे इंजिन बसवून घेतलेले होते. मोठ्या इंजिनाला एकच कार्ब्युरेटर पुरत असे, नियमही पाळला जाई. अशा रीतीने नियमाच्या अडचणीतून ती गाडी जन्मली, आणि अमेरिकेतील समीक्षकांनी तिला डोक्यावर घेतले. पुढे १९७०च्या दशकात तिथल्या जाहिरातींत 'अल्टिमेट ड्रायव्हिंग मशीन' हे घोषवाक्य आले, तेव्हा ते आधीच तयार असलेल्या मतावर बसवलेले झाकण होते.

रोव्हरचे म्हणाल, तर त्या निर्णयामागे प्रतिमेपेक्षा आकाराची भीती होती. १९७० ते १९९३ या काळात एबरहार्ड फोन क्युनहाइम यांच्या नेतृत्वाखाली कंपनी खूप वाढली, तरी मोठ्या समूहांच्या तुलनेत ती लहानच होती, आणि लहान कंपन्या गिळल्या जातील असा त्या काळी सार्वत्रिक समज होता. थ्री सिरीजची किंमत न उतरवता खालच्या बाजारात शिरण्यासाठी दुसरे नाव हवे होते, म्हणून ब्रिटिश एरोस्पेसकडून ८० कोटी पौंडांना रोव्हर घेतली. तोटा आवरेना, १९९९च्या फेब्रुवारीत अध्यक्ष बेर्न्ट पिशेत्सरीडर यांना पद सोडावे लागले. २००० साली रोव्हर अवघ्या १० पौंडांना फिनिक्स नावाच्या गटाला दिली गेली आणि लँड रोव्हर फोर्डला विकली. रोव्हरकडचे मिनी हे लहान गाडीचे नाव मात्र राखून ठेवले, आणि ज्या हेतूने एवढा खटाटोप केला तो हेतू त्या एका नावानेच साध्य झाला. म्युनिकमध्ये या व्यवहाराला निव्वळ घोडचूक मानतात. मिनीचा नंतरचा खप पाहता मला ते मत थोडे कठोर वाटते.