‘मतमाउली’तलं ‘मत’ कोणतं?

प्रश्न
श्रीरामपूर तालुक्यात हरेगावला दर सप्टेंबरात मतमाउलीची यात्रा भरते. माउली म्हणजे मारिया, येशूची आई, एवढं कळतं. पण ‘मत’ काय? मुलानं बातमी वाचून विचारलं, “ही निवडणुकीची देवी आहे का?” मला उत्तर देता आलं नाही. घरातल्या कोशात ‘मत’च्या पुढे विचार, अभिप्राय, पंथ, व्होट एवढंच आहे.

श्रीरामपूरकर
आम्ही हा शब्द तोडून कधी पाहिलाच नाही. जुनी माणसं “मतमाउलीला जायचंय” म्हणतात, “चर्चला जायचंय” असं नाही. एका काकांचं म्हणणं, मूळ शब्द ‘मातमाउली’, मातेतला काना पडला. पटत नाही. माता आणि माउली एकच, मग दोनदा कशाला?

वांद्रेकर
काकांना वांद्र्याला घेऊन या. माउंट मेरीला आमच्याकडची कोळी मंडळी ‘मोत माउली’ म्हणतात. पोर्तुगीज नाव ‘नोसा सेन्योरा दो मोंत’, म्हणजे डोंगरावरची आमची माता. ‘मोंत’ म्हणजे डोंगर. अनुनासिक गळला की राहिलं ‘मोत’. चर्च टेकडीवरच आहे, चढून या म्हणजे व्युत्पत्ती पायांना कळेल. आठ सप्टेंबर हा मारियेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. मेणाचे हात, पाय, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचं जे दुखणं किंवा मागणं, तो त्या आकाराचं मेण वाहतो.

श्रीरामपूरकर
पण हरेगावला डोंगर कुठाय? सपाट उसाचा मुलूख!

वांद्रेकर
नाव प्रवास करतं, डोंगर करत नाही. हरेगावची यात्राही आठ सप्टेंबरच्या आसपासच ना? तारीख आणि नाव दोन्ही जुळत असतील तर योगायोग म्हणवत नाही.

शंकेखोर
थांबा. पोर्तुगीजमधले शेवटी ‘ए’ असलेले शब्द मराठीत ईकारान्त होतात. पाद्रे – पाद्री, शावे – चावी, बाल्दे – बालदी. मग ‘मोंते’चं ‘मोंती’ व्हायला हवं होतं.

मंगळूरची सून
झालंय की! आमच्याकडे आठ सप्टेंबरला ‘मोंती फेस्त’, म्हणजे मोंतीचा सण असतो. फरंगीपेठच्या मोंत मारियानो चर्चवरून हे नाव पडलं असं सांगतात. फादर जोआकिम मिरांडा यांनी १७६३मध्ये ते सुरू केलं असं मानतात. पण आमचं फेस्त मुख्यतः नव्या पिकाचं. मुलं मारियेला फुलं वाहतात, भाताच्या लोंब्या आशीर्वाद घेऊन घरी येतात, नवा तांदूळ शिजतो. त्या दिवशी जेवण शाकाहारी आणि भाज्यांची संख्या विषम! सासूबाई मोजून करतात. माहेरी नवान्नाला अशी मोजणी नव्हती, त्यामुळे पहिल्या वर्षी मी आठ केल्या होत्या. अजून ऐकून घेते.

शंकेखोर
मानलं. मग वांद्र्याचा ईकार कुठे गेला?

वांद्रेकर
शेवटचा स्वर नेहमी टिकतोच असं नाही. ‘फेस्ता’चं ‘फेस्त’ झालंच ना? त्यात ‘मोंत’ला लगेच ‘माउली’ चिकटलेली, मधला स्वर दबणारच. आणि ‘मोत’चं ‘मत’ का झालं, तर माझा निव्वळ अंदाज: ‘मोत’ ऐकलं की ‘मौत’ आठवते. देवीच्या नावात ते कोण ठेवेल? ‘मत’ निदान निरुपद्रवी.

श्रीरामपूरकर
अंदाज म्हणून ठीक. पण हेही बघा, आमच्याकडे ‘फेस्त’ कुणी म्हणत नाही, ‘यात्रा’ म्हणतात. आणि ‘माउली’ तर ज्ञानोबांचीच. नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती माणसाला मारियेसाठी सर्वांत जवळचा शब्द हाच वाटला, यात नवल नाही. नवलाचा आहे तो पोर्तुगीज डोंगर.

गोवेकर
‘फेस्त’ आमचा नित्याचा शब्द, नपुंसकलिंगी. गोव्यात त्याच्या जोडीला ‘फेरी’ असते, म्हणजे फेस्ताचा बाजार, पोर्तुगीज ‘फेइरा’वरून. मराठी फेरीवाल्याशी तिचं नातं नाही. तो फेऱ्या मारतो म्हणून फेरीवाला. फेस्ताआधी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. लॅटिन ‘नोव्हेम’ आणि आपलं ‘नव’ मात्र खरेच चुलत भाऊ.

मडगावचं ‘पुरुमेंताचें फेस्त’ ऐकलंय? ‘पुरुमेंत’ म्हणजे बेगमी, पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’. पावसाआधी सुकी मासळी, मिरची, चिंच, कांदे भरून ठेवायचे, ती खरेदी या फेस्तात होते. चर्च पवित्र आत्म्याचं, पण लोकांच्या तोंडी नाव बेगमीचं.

प्रश्नकर्ता
मुलाला सांगितलं, ‘मत’ म्हणजे डोंगर. त्यानं विचारलं, “मग मतदार म्हणजे डोंगरवाला?” इथे मी थांबलो.

वसईकर
उशिरा आलो. मुलाला पुढचं कोडं द्या. आमच्या वसईत ‘रमेदी’ नावाचं गाव आहे. आधी माता आली, ‘नोसा सेन्योरा दोस रेमेदियोस’, म्हणजे उपायांची, औषधांची माता. तिच्यावरून गावाचं नाव. पत्ता सांगताना आम्ही रोज औषधाचं नाव घेतो, कुणाच्या लक्षातही येत नाही.