नाशिकमध्ये निवृत्तीनंतर स्थायिक व्हायचंय, परवडणारा भाग कोणता? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

नाशिकमध्ये राहणाऱ्या किंवा तिथली नीट माहिती असणाऱ्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. थोडं सविस्तर लिहितो, म्हणजे उत्तर देणाऱ्याला आमची परिस्थिती कळेल.

मी यंदा एका खाजगी कंपनीतून निवृत्त झालो. आम्ही दोघंच, डोंबिवली पूर्वेला जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. लिफ्ट नाही आणि बसायची शक्यताही नाही. सौ.चे दोन्ही गुडघे दुखतात. भाजीची पिशवी आधी वरच्या पायरीवर ठेवायची, कठडा धरून आडवं होत एक पाय वर घ्यायचा, मग दुसरा, मग पुन्हा पिशवी उचलायची, असं ती रोज करते. हे बघवत नाही म्हणून घर विकायचं ठरलं. इथेच लिफ्टचं दुसरं घर आमच्या बजेटमध्ये बसत नाही.

नाशिकच का, तर मेव्हणे नाशिकरोडला आहेत, हवा मानवते, आणि मुलगी ठाण्याला असल्यामुळे फार लांब जायचं नाही. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी निघून रात्रीपर्यंत परत येता येतं, अडीअडचणीला एसटी आहेच. सौ.ला एसटीत अर्धं तिकीट लागतं, मला ६५ पूर्ण झाली की मलाही लागेल. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे, ती परत सुरू होईल असं धरून हिशोब मांडलेला नाही.

आता पैशाचं. घर विकून हातात साधारण ५० लाख येतील. त्यातले ३५ च्या वर घरात घालायचे नाहीत, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी, रंगरंगोटी हे सगळं त्या ३५ मध्येच बसवायचं आहे. उरलेले आजारपणासाठी बाजूला राहतील. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे ३० लाख पोस्टात ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवलेत. सध्याच्या ८.२ टक्क्यांनी तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिन्याला २०,५०० पडतात. ईपीएसची पेन्शन तुटपुंजी. थोडक्यात, महिना चोवीस-पंचवीस हजारांत भागवायचं आहे. त्यामुळे घराच्या किमतीइतकाच महिन्याच्या खर्चाचा प्रश्न आहे: मेंटेनन्स किती, टँकर लागतो का, दवाखान्यात जायला प्रत्येक वेळी स्पेशल रिक्षा करावी लागते का. घर चार लाखांनी स्वस्त मिळालं आणि बाहेर पडलं की दर खेपेला शे-दीडशे रुपये जायला लागले, तर आमच्यासारख्यांना ते घर महागच पडणार.

मेव्हण्यांबरोबर काही भाग बघून झालेत. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड आवडले, पण ते आमच्या आवाक्यात नाहीत, त्यामुळे तो विषय संपला.

पाथर्डी फाट्याला नव्या इमारती भरपूर. लिफ्ट, पार्किंग, बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर दिसतो. ३३ लाखांत टू बीएचके सांगतायत. एक फ्लॅट मनात भरला होता. खाली उतरलो तेव्हा पाण्याच्या टाकीच्या झाकणाजवळ टँकरचा जाडजूड पाइप गुंडाळून ठेवलेला दिसला. वॉचमनच्या टेबलावर गाड्यांची वही होती, तिच्यात टँकरची नोंद जवळजवळ एकाआड एक दिवस होती. दाखवायला आलेल्या एजंटला विचारलं तर म्हणाला, उन्हाळ्यापुरतं असतं. आम्ही गेलो तेव्हा दिवाळी नुकतीच झाली होती.

म्हसरूळ सौ.ला फार आवडलं. दिंडोरी रोड, बाजार समिती जवळ, सकाळी शेतकऱ्यांचे टेम्पो येतात आणि मेथीची जुडी डोंबिवलीच्या मानाने फारच स्वस्त. जरा पुढे गेलं की चामरलेण्याचा डोंगर, मोकळी हवा. पण रात्री अपरात्री दवाखाना आणि स्टेशन, दोन्ही लांब. मखमलाबाद त्याहून शांत, मात्र आम्ही पाहिलेल्या इमारतीच्या तिन्ही बाजूंना द्राक्षबागा होत्या आणि किराणा दुकानसुद्धा चालत जाण्याच्या अंतरावर नव्हतं. तरुण माणसांना चालेल. पंचवटीत नदीच्या अंगाला एक जुना फ्लॅट बराच स्वस्त सांगितला आहे. तो इतका स्वस्त का, हे कोणी नीट सांगत नाही.

राहता राहिला जेलरोड. मेव्हण्यांच्या जवळ, स्टेशन जवळ, बिटको हॉस्पिटल जवळ. इमारती जुन्या, रस्ता गजबजलेला. घरं तीसच्या आसपास मिळतात पण बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, आणि तळमजल्याचं घर कोणी सहसा विकायला काढत नाही.

तर विचारायचं असं आहे. महिना पंचवीस हजारांत राहणाऱ्या, गाडी नसलेल्या दोघांनी यातला कोणता भाग निवडावा? मला सुचलाच नाही असा एखादा भाग आहे का? आणि २०२७ चा कुंभमेळा होईपर्यंत थांबावं की आत्ताच घ्यावं? इथे एजंटमंडळी "कुंभानंतर भाव गगनाला भिडतील" असं सांगून घाई करतायत.

सौ.ला शेजार हवा आहे. तिचं आयुष्य वाड्यात आणि मग चाळवजा इमारतीत गेलं, दार लावून बसायची सवय नाही. कुठे ज्येष्ठ नागरिक संघ चांगला चालतो, बायकांचं भजनी मंडळ आहे, हेही कळलं तर फार बरं होईल.

निवांत६१

——

गोदाकाठची:

काका, नमस्कार. माझं सगळं आयुष्य नाशिकमध्ये गेलंय, सध्या इंदिरानगरला राहते. तुमच्या यादीत इंदिरानगर नाही याचं आश्चर्य वाटलं. पाथर्डी फाट्याच्या अलीकडेच आहे. राजीवनगर, चार्वाक चौक, रथचक्र चौक या बाजूला पंधरा-वीस वर्षांच्या इमारती आहेत, लिफ्टच्याही. रीसेलचे टू बीएचके तुमच्या बजेटमध्ये बसू शकतात. दोन्ही बाजूंना दुकानं, डॉक्टर, मेडिकल, बँक, सगळं पायी. जॉगिंग ट्रॅकवर सकाळी ज्येष्ठांचे कट्टे भरतात, काकूंना तिथेच आठवड्याभरात मैत्रिणी मिळतील.

इथला त्रास म्हणजे बोगदा. हायवेखालून शहरात जाताना संध्याकाळी तिथे अडकायला होतं. पण निवृत्त माणसाला ऑफिसची वेळ गाठायची नसते, सकाळी अकराला निघालं की प्रश्न येत नाही. सिटीलिंकची बसही मिळते.

पाण्याबद्दल तुम्ही पाइप पाहिलात ते फार बरं केलंत. गंगापूर धरणाबरोबर आता मुकणे धरणाचंही पाणी विल्होळीच्या शुद्धीकरण केंद्रातून आमच्या बाजूला येतं, त्यामुळे परिस्थिती पूर्वीपेक्षा सुधारली आहे. तरी नव्या वस्तीत इमारती आधी होतात आणि जलवाहिनी मागून येते. कुठलाही फ्लॅट पसंत पडला तर मागच्या एप्रिल-मेचा मेंटेनन्सचा हिशोब मागा. त्यात टँकरचं बिल स्वतंत्र दाखवलेलं असतं. हिशोब दाखवायला टाळाटाळ केली तर पुढच्या इमारतीकडे वळा. पाथर्डीला आणखी आत जाणार असाल तर महापालिकेचा खत प्रकल्प किती अंतरावर आहे तेही बघा, आणि संध्याकाळच्या वेळी तिथे उभे राहून या. वारा फिरला की वास येतो.

पंचवटीतला तो स्वस्त फ्लॅट: महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती इमारत निळ्या पूररेषेत (वारंवार पूर येणारा पट्टा) आहे की लाल (मोठ्या पुरात बुडणारा पट्टा), हे विचारा. २००८, २०१६ आणि २०१९ साली गोदेला मोठे पूर आले. गंगापूरमधून विसर्ग वाढला की नदीकाठच्या लोकांना सामान वर चढवावं लागतं. या वयात तुम्ही ते करू नका. शिवाय कुंभाच्या पर्वकाळात पंचवटी-तपोवनाकडचे रस्ते बंद असतात, रिक्षासुद्धा घरापर्यंत येत नाही. २०१५ ला माझ्या मावशीकडे आम्ही पायीच गेलो होतो.

——

लॅमरोडवाला:

नमस्कार. जेलरोडला तुम्ही म्हणता तशी लिफ्टची अडचण आहेच. त्याऐवजी नाशिकरोड ते देवळाली कॅम्प या लॅम रोडच्या पट्ट्यात बघा. हवा म्हसरूळइतकीच छान, स्टेशन जवळ, गजबज कमी. प्रत्यक्ष कॅम्पात घेऊ नका, छावणी हद्दीतल्या जमिनींचे नियम वेगळे असतात आणि कागदपत्रं समजून घ्यायला वेळ जातो. महापालिकेच्या हद्दीतलंच घ्या. एक गोष्ट सांगितलेली बरी: आमच्याकडे उसाच्या शेतांमुळे अधूनमधून बिबट्या दिसतो. अंधार पडल्यावर शेतांच्या कडेने फिरायला जायचं नाही, एवढं पथ्य पाळावं लागतं.

——

हिशोबनीस:

काका, जागेबद्दल वरच्या दोघांनी लिहिलंच आहे. मी कागदांचं आणि पैशाचं सांगतो.

आधी भाड्याने राहा. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणीकृत करार करून अकरा महिने काढा, त्यात एक उन्हाळा आणि एक पावसाळा यायलाच हवा. कुंभाची घाई तर मुळीच करू नका. कुंभासाठी रस्ते होतात हे खरं, पण तुम्ही घर राहायला घेताय, विकायला नाही.

डोंबिवलीचं घर विकल्यावर जो दीर्घकालीन भांडवली नफा होईल, त्यावरचा कर वाचवायला विक्रीपासून दोन वर्षांत दुसरं घर घ्यावं लागतं. नफ्यातली जेवढी रक्कम विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घरात गुंतवून झाली नसेल, तेवढी बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवा, साध्या एफडीत नको. सवलत नफ्यावर असते, त्यामुळे आलेले सगळे पैसे नव्या घरात घालायची सक्ती नाही. तुमचे पंधरा लाख बाजूला ठेवायचं गणित बसेल असं वाटतं, तरी सीएकडून आकडे तपासून घ्या.

घर फक्त काकूंच्या नावावर घेतलंत तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. नोंदणी फी १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,०००. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर जीएसटी नसतो, बांधकाम चालू असलेल्या घरावर असतो. भाव विचारताना कार्पेटचाच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेचाच विचारा, एजंट अजूनही सेलेबल एरिया, म्हणजे जिना-लिफ्ट धरून फुगवलेलं क्षेत्र सांगतात.

नाशिकमध्ये खूप इमारती सोसायटी नसून अपार्टमेंट म्हणून नोंदलेल्या असतात, म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली. त्यात वाईट काही नाही. फक्त डिक्लरेशनचा दस्त (इमारत या कायद्याखाली आणल्याचा) नोंदलेला आहे का आणि जुन्या मालकाच्या नावे अपार्टमेंट डीड, म्हणजे त्या फ्लॅटचा मालकी दस्त झाला आहे का, हे बघा. सोसायटी असेल तर कन्व्हेअन्स झालंय का, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का, ते विचारा. सिडको भागात बघितलंत तर लीजचं (भाडेपट्ट्याचं) काय, घर फ्री-होल्ड, म्हणजे पूर्ण मालकीचं झालं आहे का, हे पहिल्यांदा विचारायचं.

——

निवांत६१:

सगळ्यांचे मनापासून आभार. गोदाकाठचीताई, तुमचा प्रतिसाद सौ.ला मोठ्याने वाचून दाखवला. जॉगिंग ट्रॅकवरच्या कट्ट्याचं ऐकून तिने इंदिरानगर वहीत लिहून ठेवलं. मेव्हण्यांना लॅम रोड पटला आहे. पंचवटीच्या फ्लॅटला नकार कळवला.

हिशोबनीस, तुमचं बरोबर वाटतं, आधी भाड्यानेच राहू. पण त्यातही एक अडचण आहे. भाडं दहा-बारा हजार गेलं तर महिन्याचे निम्मे पैसे तिथेच संपतात. विक्रीची रक्कम कॅपिटल गेन्स खात्यात ठेवली तर तिच्यावर मिळणारं व्याज दर महिन्याला भाड्यासाठी वापरता येतं का, की तेही घरातच घालावं लागतं? बँकेत दोन काउंटरवर दोन उत्तरं मिळाली.

आणि इंदिरानगर किंवा लॅम रोडला मार्चपासून भाड्याने देण्यासारखं, तळमजल्याचं किंवा लिफ्टच्या इमारतीतलं वन बीएचके कोणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यक्तिगत निरोपातून कळवा. मालकांना सांगू शकता की माणसं दोनच आहेत, घर नीट ठेवू आणि भाडं वेळेवर देऊ.